मेडिकलमधले थेंब आणि बुबुळावरचे फूल

"डोळा लाल झालाय, एखादा ड्रॉप द्या." तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलवर थोडा वेळ थांबलात तर हे वाक्य कानावर पडेलच. काउंटरमागचा माणूस कधीपासून लाल आहे, काही लागले होते का, त्या डोळ्याने नीट दिसते का, यातले काही विचारत नाही. मागच्या कप्प्यातून एक छोटी बाटली निघते, "दिवसातून चारदा टाका" एवढे सांगितले जाते आणि पुढचे गिऱ्हाईक पुढे येते. पुष्कळदा त्या एका बाटलीत दोन औषधे असतात, एक अँटिबायोटिक आणि दुसरे स्टेरॉइड. घेणाऱ्याला याचा पत्ता नसतो. देणाऱ्याला असतो, पण या थेंबाने दुसऱ्या दिवशी लाली उतरते आणि गिऱ्हाईक खूश होऊन परत येते, हेही त्याने पाहिलेले असते.

माझे म्हणणे असे की, दृष्टी न तपासता आणि बुबुळ उजेडात न बघता लाल डोळ्यात स्टेरॉइड पडणे हा आपल्या राज्यातला टाळता येण्याजोग्या अंधत्वाचा एक मोठा दरवाजा आहे आणि तो आपण उघडा ठेवला आहे. तो बंद करायचा तर दुकानातल्या विक्रीला चाप लावावा लागेल आणि त्याच वेळी गावापासून पाच-दहा किलोमीटरवर कोणीतरी तो डोळा नीट बघेल, अशी सोय करावी लागेल. यातले एकच करून भागणार नाही.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आम्ही नेत्रतज्ज्ञ ते देतोच. बुबुळामागच्या पडद्याला सूज येते, ज्याला आम्ही आयरायटिस म्हणतो, तिथे ते वेळेवर दिले नाही तर डोळा बिघडतो. नेत्ररोपण झालेल्या रुग्णाला ते महिनोन्महिने लागते. पण ते रोगाच्या मुळाला हात लावत नाही, शरीराची रोगाशी चाललेली झटापट शांत करते. लाली, सूज, पाणी गळणे, ठणका ही त्या झटापटीची चिन्हे. ती गेली की आपल्याला वाटते डोळा बरा झाला. आतमध्ये जंतू असतील तर त्यांना मात्र रान मोकळे मिळालेले असते.

याचा सर्वात वाईट अनुभव शेतीत राबणाऱ्यांना येतो. सोयाबीनची मळणी चालू असताना भुसा उडतो, ज्वारीच्या राशीत कुसळ जाते, ऊसतोडीत पाचटाची कड सपकन डोळ्यावर बसते. बुबुळावरची वरची नाजूक कातडी खरचटते. जखम लहानच असते, पण पाल्यापाचोळ्याबरोबर त्यात बुरशी शिरते. आपल्यासारख्या उष्ण देशांत बुबुळाच्या जखमा चिघळण्यामागे फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या बुरशींचा वाटा फार मोठा आहे. दक्षिण भारतातल्या रुग्णालयांत तर अशा जखमांपैकी जवळपास निम्म्या बुरशीच्या निघालेल्या आहेत. बुरशी हळू वाढते. पहिले काही दिवस दुखणेही फार नसते, त्यामुळे माणूस कामाला जात राहतो. ऊसतोड मजुराला खाडा परवडत नाही, उचल फिटायची असते. संध्याकाळी कारखान्याजवळच्या मेडिकलमधून तो ड्रॉप घेतो. दोन दिवस बरे वाटते. आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो, त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात, डोळ्याच्या आत तळाशी पू साठून पांढरी रेघ तयार होते. मग कोणीतरी म्हणते, मोठ्या डॉक्टरला दाखव.

तोवर उशीर झालेला असतो. बुरशीवरचे पहिले औषध नाटामायसिन. दक्षिण भारतातल्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवले की नव्या आणि महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा ते सरस ठरते, विशेषतः फ्युजेरियमच्या बाबतीत. २०१७ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण ते बुबुळात खोल शिरत नाही. जखम वरवर असताना ते जेवढे काम करते, तेवढे पंधरा दिवस स्टेरॉइड टाकलेल्या डोळ्यात करू शकत नाही. शिवाय सुरुवातीला ते तासातासाला टाकावे लागते, आणि बाटली प्रत्येक वेळी नीट हलवून, कारण औषधाचा पांढरा गाळ तळाशी बसतो. न हलवता टाकले तर डोळ्यात नुसते पाणी जाते. हे रुग्णाच्या बायकोला किंवा मुलाला हातात बाटली देऊन दाखवावे लागते, चिठ्ठीवर लिहून भागत नाही. काही आठवडे हे चालते. डोळा वाचला तरी बुबुळावर फूल, म्हणजे जखमेचा पांढरा डाग, राहते, आणि ते नेमके बाहुलीसमोर असेल तर त्या डोळ्याला दिवस आणि रात्र यापलीकडे फारसे काही कळत नाही.

आता आकड्यांकडे बघा. २०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचे पहिले कारण अपेक्षेप्रमाणे मोतीबिंदू होते, ६६.२ टक्के. पण पन्नाशीच्या आतल्या लोकांत पहिले कारण बुबुळावरचे फूल निघाले, ३७.५ टक्के. ही सगळी फुले मेडिकलच्या थेंबांनी पडली असे मी म्हणत नाही. त्यांत लहानपणची जीवनसत्त्वाची कमतरता आहे, अपघात आहेत, जन्मजात दोष आहेत. पण बुबुळाची चिघळलेली जखम हे त्यातले एक ठळक कारण आहे, आणि स्टेरॉइड तिला चिघळवते, याबद्दल नेत्रतज्ज्ञांत दुमत नाही. कमावत्या वयातला माणूस एका कुसळापायी डोळा गमावतो, हे एकदा लक्षात घेतले की आपला प्राधान्यक्रम कुठे चुकतो ते कळते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याने मोतीबिंदूवर मोठे काम केले, त्याबद्दल आदरच आहे. पण शिबिरे, उद्दिष्टे, ऑपरेशनांचे आकडे या सगळ्यात लाल डोळ्याला जागाच मिळाली नाही. लाल डोळ्याचे शिबिर भरत नाही. तो माणूस आज येतो आणि त्याला आजच बघावे लागते.

बघायचे म्हणजे काय, ते इथे थोडे सविस्तर सांगतो. कारण हे काम फार मोठ्या यंत्रांचे आहे असा गैरसमज आहे. पहिली गोष्ट, एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घ्यायचा. ज्याची नजर कमी झाली आहे, तो साधा लाल डोळा नाही. दुसरी, बॅटरीच्या उजेडात बुबुळ नीट चकचकीत दिसते का, त्यावर पांढरट डाग आहे का, बाहुली गोल आहे का आणि उजेडाने आकसते का, ते बघायचे. तिसरी गोष्ट फ्लुओरेसिनची पट्टी. नारिंगी टोकाची ही कागदी पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवतात. रुग्णाला दोन-तीनदा पापण्या मिटायला सांगतात आणि निळा प्रकाश टाकतात. बुबुळाची कातडी शाबूत असेल तर काही दिसत नाही. खरचटलेले असेल तर तेवढाच भाग हिरवागार चमकतो, मग ती जखम टाचणीच्या टोकाएवढी का असेना. ज्याने हे एकदा पाहिले तो विसरत नाही, मग तो डॉक्टर असो की नर्स. हिरवे चमकले तर स्टेरॉइड नाही, आणि पांढरा डाग असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. तिथे जखमेचा कण खरवडून काचपट्टीवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे आहेत की नाहीत ते थोड्याच वेळात सांगतात.

या तक्ता-बॅटरी-पट्टीने आणखी एक डोळा वाचतो. पन्नाशी-साठीतली बाई, एकाएकी डोळा लाल, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घरचे पित्त समजून ॲसिडिटीची गोळी देतात आणि डोळ्यात थेंब टाकतात. हा काचबिंदूचा झटका असू शकतो. बाहुली मोठी होऊन अडकलेली, डोळा पापणीवरून बोट लावले तरी दगडासारखा टणक. इथे प्रश्न तासांचा असतो, आणि हे ओळखायला बॅटरी आणि बोट पुरते.

मुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त छळते. पाच ते पंधरा वयातल्या, विशेषतः मुलग्यांना, उन्हाळा लागला की डोळ्यांची जी ॲलर्जी होते ती पुष्कळ पालकांना परिचित असेल. मूल सतत डोळे चोळते, डोळ्यातून चिकट दोऱ्यासारखा स्राव येतो, वरची पापणी उलटून पाहिली तर आत फरसबंदीसारखे उंचवटे असतात. व्हर्नल नावाच्या या आजारात स्टेरॉइडचा थेंब जादूसारखा लागू पडतो. डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेला असतो. खाज परत सुरू झाली की आई तीच रिकामी बाटली घेऊन मेडिकलमध्ये जाते आणि नवी आणते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. कुणी अडवत नाही.

स्टेरॉइडचे थेंब चार ते सहा आठवडे रोज टाकले तर साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्याचा दाब वाढतो आणि शंभरातल्या पाच-सहा जणांचा तो फार चढतो. हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. दाब वाढला की दुखत नाही. मुलाला काही कळत नाही, कडेकडेने नजर आत आत येत जाते. शाळेत फळा वाचता येतो तोवर कोणालाच शंका येत नाही. मग एक दिवस मुलगा बाजूने येणाऱ्या माणसाला धडकतो, आणि तपासणीत कळते की डोळ्याची नस बरीचशी वाळली आहे. गेलेली नस परत येत नाही. यातली खरी हळहळ अशी की ही ॲलर्जी बहुतेक मुलांत वयात येताना आपोआप मावळते. आजार निघून गेला असता. औषधाने केलेले नुकसान मात्र जन्मभर राहते. आणि पर्याय नाहीत असेही नाही. थंड पाण्याच्या घड्या, ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे थेंब, बळावलेल्या आजारात सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, हे सगळे उपलब्ध आहे. स्टेरॉइड लागलेच तर मोजक्या दिवसांचे, डोळ्याचा दाब मोजत.

लोकांचा या थेंबांवर विश्वास कसा बसतो, याचे उत्तर जुलै २०२३ च्या साथीत मिळाले. आळंदीत डोळे येण्याची साथ सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. घरोघरी थेंबांच्या बाटल्या आल्या. तो आजार विषाणूचा होता, अँटिबायोटिकचा त्यावर काही इलाज चालत नाही आणि एक-दोन आठवड्यांत बहुतेकांचे डोळे आपोआप बरे होतात. पण श्रेय बाटलीला मिळाले. पुढच्या वेळी डोळा लाल झाला की माणूस तीच बाटली शोधतो, अगदी कपाटात राहिलेली उघडी बाटलीसुद्धा. फरक एवढाच की या वेळी डोळ्यात कुसळ गेलेले असू शकते.

बाटलीवर काय लिहिलेले असते? इंग्रजीत, बारीक अक्षरांत, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावे, असे. आणि नावात एक गंमत नसलेली गोष्ट असते. साधे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड मिसळलेले औषध यांची नावे पुष्कळदा एकच असतात, फक्त शेवटी एखादे अक्षर जोडलेले, 'डी' किंवा 'डीएक्स' किंवा 'पी'. डॉक्टरने साधे लिहिले आणि दुकानात ते नसले तर 'डी'वाले दिले जाते, "सेमच आहे" म्हणून. ते सेम नसते. डोळ्यात टाकायच्या प्रत्येक स्टेरॉइडयुक्त बाटलीवर आणि खोक्यावर ठळक अक्षरांत, राज्याच्या भाषेत, "यात स्टेरॉइड आहे, जखम असल्यास टाकू नये" असे छापणे बंधनकारक करावे, ही मागणी मला अगदी साधी वाटते. तंबाखूच्या पुडीवर आपण चित्र छापू शकतो तर इथे सात शब्द का छापू शकत नाही? आणि चिठ्ठी कितीही जुनी असली तरी तिच्यावर पुन्हा पुन्हा औषध मिळत राहणे औषध निरीक्षकांनी थांबवावे. अन्न व औषध प्रशासनाकडे माणसे कमी आहेत हे मान्य. पण झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत दुकानदार सावध झाले आहेतच. त्यांना माहीत आहे की कुठे विचारणा होते आणि कुठे होत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की गावात डोळ्यांचा डॉक्टर नाही, जिल्ह्याला जायचे तर दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते, मग दुकानदाराने काही दिले नाही तर माणसाने करायचे काय? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच नुसत्या बंदीची मागणी मला पुरेशी वाटत नाही. उत्तर नेपाळमधल्या भक्तपूरने एका अर्थी दिले होते. तिथे गावातल्याच स्वयंसेवकांना बुबुळ खरचटल्याचे ओळखायला शिकवले आणि क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचे एक टक्क्याचे मलम तीन दिवस, दिवसातून तीनदा लावायला दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, लागल्यापासून १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या एकाही माणसाची जखम चिघळली नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ३८ जणांपैकी मात्र ११ जणांची चिघळली. साधे, स्वस्त, जुने मलम. स्टेरॉइड नाही.

नंतर नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत गावपातळीवरच्या अशा कार्यक्रमाने जखमा चिघळण्याचे एकूण प्रमाण कमी झाले नाही, हेही वाचकांपासून लपवू नये. त्यावरून काही जण म्हणतात की हे सगळे सोडून द्या. मला ते पटत नाही. गावातल्या प्रत्येक खरचटलेल्या डोळ्यापर्यंत स्वयंसेवक पोहोचणे अवघड असते, एवढेच त्यातून दिसते. आपण मागतो आहोत ते याहून माफक आहे. माणूस स्वतःहून कोणाकडे तरी जातोच आहे. आज तो मेडिकलवाल्याकडे जातो. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी चढावीशी वाटेल असे तिथे काही असावे, म्हणजे तक्ता, बॅटरी, पट्ट्या, क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम, आणि आठवड्यात ठरावीक दिवशी येणारे नेत्रचिकित्सा अधिकारी. ग्रामीण रुग्णालयांत ही पदे आहेत. त्यांचा वेळ चष्म्याचे नंबर आणि शिबिरांच्या याद्या यांत जातो. गावातल्या खासगी डॉक्टरांनाही यात घेतलेच पाहिजे, मग ते एमबीबीएस असोत की बीएएमएस. रुग्ण आधी त्यांच्याकडे जातो, त्यांनाही तीच मिश्र बाटली लिहायची सवय असते, आणि त्यांना दोष देण्याआधी त्यांच्या हातात पट्टी ठेवून ती वापरायला कोणी शिकवले का, ते विचारायला हवे. एका दुपारचे प्रशिक्षण त्यासाठी पुरते.

आम्हा नेत्रतज्ज्ञांनाही यातून सुटका नाही. स्टेरॉइड लिहिताना "चारदा टाका" एवढेच लिहून आपण मोकळे होतो. किती दिवस, कधी बंद, पुन्हा न विचारता आणू नये, हे मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत लिहिले पाहिजे. गर्दीच्या ओपीडीत ते होत नाही, ही सबब मी पुष्कळदा ऐकली आहे. गर्दी खरी आहे. पण त्याच गर्दीत वर्षभराने तो मुलगा नस वाळलेली घेऊन येतो, तेव्हा त्याच्या आईला समजावण्यात जो वेळ जातो तो त्या दोन ओळींपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तिला सांगण्यासारखे आपल्याकडे काहीच नसते.

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर आपण नेत्रदान पंधरवडा पाळतो. फेऱ्या निघतात, शाळांत घोषणा होतात, आणि नेत्रदान वाढायलाच हवे. पण बुरशीने खाल्लेल्या बुबुळावर केलेले रोपण पुष्कळदा टिकत नाही, आणि दान मिळालेली बुबुळे मुळातच गरजेपेक्षा फार कमी. म्हणून त्याच पंधरवड्यात आणखी एक काम व्हावे. सोयाबीनची काढणी आणि ऊसतोड सुरू होण्याआधी, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्लुओरेसिनच्या पट्ट्या, निळ्या प्रकाशाची बॅटरी आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम आहे की नाही ते पाहावे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नाटामायसिनचा साठा तपासावा. औषध निरीक्षकांनी तालुक्याच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय डोळ्याचा थेंब मागून बघावा. आणि तिघांनीही काय आढळले ते जिल्हा परिषदेच्या फलकावर लावावे, म्हणजे पुढच्या वर्षी कोणत्या गावाने काय मागायचे ते गावाला कळेल.